चोवीस तासांचा डबा

दादा,

तू जाऊन आज बारा दिवस झाले. परवा वहिनी स्वयंपाकघरात फरशीवर बसली, पाठ सिलिंडरला टेकलेली, आणि तिने मला विचारलं, "मंदाताई, मी मारलं का हो तुमच्या भावाले?" मी उत्तर न देता घरी निघून आले. एवढी फटकळ तुझी बहीण, आणि चपला पायात सरकवून पळाली. आज संध्याकाळी परत मनीषनगरला जाऊन तिला उत्तर द्यायचंय. त्याआधी तुझ्याशी भांडून घेते. आता तू मधेच उठून दार आपटू शकत नाहीस, एवढा एक फायदा आहे.

तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. शिस्तप्रिय, कडक, पण मनाने हळवे, असं सगळ्यांनी ओळीने सांगितलं. तुझा एक जुना विद्यार्थी, आता मोठा डॉक्टर झालेला, उभा राहून म्हणाला, "सरांचा डस्टर कपाळावर बसला नसता तर मी आज इथं नसतो." आणि त्याने भुवईवरची खूण दाखवली. लोक हसले. मी पहिल्या रांगेत होते. तो हशा मला एकाच कानाने ऐकू आला, कारण दुसरा तू फोडला होतास.

आठवतं ना? कळमेश्वरचं आपलं दोन खोल्यांचं घर. मी नववीत, तू बीएस्सीला. तुझ्या डिसेक्शनच्या पेटीतली कात्री घेऊन मी फ्रॉकची लेस कापली. एवढाच गुन्हा. तू एक ठेवून दिलीस आणि माझ्या डाव्या कानात अशी शिट्टी वाजली की मला वाटलं बाबांच्या कारखान्याचा भोंगा झाला. मग कानातून रक्त आलं. तू मला एसटीत घालून नागपूरला डॉक्टरकडे नेलंस आणि त्यांना बिनदिक्कत सांगितलंस, "बोरीच्या झाडावरून पडली." येताना बसमध्ये तू तोंडावर रुमाल घेऊन हमसून हमसून रडलास. सॉरी म्हटलं नाहीस. पण त्या दिवसापासून रस्त्याने चालताना तू कधी माझ्या डाव्या बाजूला राहिला नाहीस. बाजारात, लग्नात, बाबांच्या अंत्ययात्रेतसुद्धा, गर्दीतून वाट काढून माझ्या उजवीकडे यायचास आणि मगच बोलायला सुरुवात करायचास. तीस वर्षं. मी ते पाहत होते, दादा. मीही कधी बोलले नाही.

आपल्या घरात राग म्हणजे दागिना होता. बाबा दिवसभर मशीनवर उभे राहायचे, घरी येऊन पट्टा काढायचे आणि वर अभिमानाने सांगायचे, "आपलं रक्तच गरम आहे." तुझ्या लग्नाच्या बैठकीत मोठ्या काकांनी वहिनीच्या वडलांना सांगितलं, "पोट्टा तापट आहे बरं, आमच्यात सारेच तापट." जसं काही मुलाची उंची सांगून राहिले. आणि वहिनीचे वडील कौतुकाने हसले. बाबा एक्कावन्नाव्या वर्षी अंगणात बूट घालताना पांढरेफटक पडले आणि गेले, तर आपण काय म्हटलं? रागीट माणूस, रागातच गेला. कोणी पुढे विचारलं नाही. तू जीवशास्त्राचा मास्तर झालास, मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला लागले, तरी आपण विचारलं नाही.

आणि तुझ्याइतकं चांगलं कोणी शिकवलंय का? मी लॅबचा कोर्स केला तो तुझ्या जिवावर. त्याच कळमेश्वरच्या घरात, उलट्या परातीवर खडूने चित्रं काढून शिकवायचास. "मंदे, नस म्हणजे नाव घेऊन मारलेली हाक. ज्याले मारली त्यालेच ऐकू जाते, अन् लगेच. हार्मोन म्हणजे रिक्षावरचा भोंगा. साऱ्या मोहल्ल्यातून फिरते, पण दार तोच उघडते ज्याचं काम आहे." मग मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी ती छोटी ग्रंथी काढायचास आणि तुझा आवाज एकदम खाली यायचा. "अन् ही जागा पाह्य. इथं नसच रिक्षात चढते अन् भोंगा हातात घेते. साप दिसला की एका सेकंदात सारं अंग जागं. काळीज धडधडते, तळहाताले घाम, रक्त हातापायाकडे." मी विचारलं होतं, मग माणूस काय करतो? तू म्हणालास, "तो त्याचा प्रश्न. काळीज तुझं ऐकत नाही, आतडं ऐकत नाही. हात ऐकते. हात ऐच्छिक आहे."

हे वाक्य मी तुझंच परत करणार आहे, पण थांब जरा.

मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाच्या मागच्या भिंतीला खळगे आहेत. तू फेकलेल्या ताटांचे. वहिनीने त्यावर कॅलेंडर लावलं, ते पुरलं नाही, मग दुसरं लावलं. वहिनीच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे, कारण ती फटीत बोटं घालून दार धरून होती आणि तू दार आपटलंस. डॉक्टरांना तिने सांगितलं, वाऱ्याने आपटलं. आपल्या घरात बोरीची झाडं आणि वारा फार, दादा. तुझा आवाज चढला की तुझी लेक ईशा, एवढीशी होती तेव्हापासून, पाण्याचा पेला घेऊन धावायची. वहिनी गॅस बंद करायची आणि काचेचं सामान उचलायची. दहा-पंधरा मिनिटांनी तू घामाने निथळत खुर्चीत बसायचास, डोकं धरून, आणि तुझ्या त्या सहा स्टीलच्या पेल्यांपैकी एकात चहा लागायचा. चहा आला की सगळं संपलं, असा त्या घराचा नियम होता. तुझ्यासाठी संपायचं. मी आजही कोणी पंख्याचं बटण दाबायला शेजारून हात वर केला तरी डोळे घट्ट मिटते. मेंदूला विचारायच्या आधी मिटतात, हेही तूच शिकवलंस.

गेल्या वर्षी एका रविवारी मी जेवायला आले होते आणि भाजीत मीठ कमी होतं. तू ताट भिरकावलंस. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. रागाने माणूस लाल होतो. तू पांढरा पडला होतास, चुना फासल्यासारखा. शर्ट पाठीला चिकटलेला, आणि बाहेर तर डिसेंबर. मी तुझं मनगट धरलं आणि मोजताच येईना. मग वहिनी हळूच म्हणाली की सकाळी दाढी करतानाही असंच झालं होतं. तेव्हा तर कोणी काही बोललंसुद्धा नव्हतं. तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझी धडधड आधी यायची. मग तू तिच्यासाठी कारण शोधायचास. मीठ, कात्री, जे हाताशी येईल ते.

म्हणून मी तो डबा आणला. पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा डबा, तळाशी थोडं ॲसिड. चोवीस तासांची लघवी त्यात जमवायची, एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्या ग्रंथीवर गाठ असली आणि ती विनाकारण भोंगा वाजवत असली तर लघवीत सापडतं. तू काय केलंस? "मी मास्तर आहे, मुताचा डबा घेऊन फिरू का वं कॉलेजात?" मी म्हटलं सुट्टी घे. तू म्हटलंस माझ्या घरात लॅब खोलू नको. मी म्हटलं मेलास तर? तू म्हटलंस मरतो. दोन महिने आपण त्या डब्यावरून भांडलो. तू एकदा लाथ मारून तो जिन्यावरून खाली घालवलास. मी दुसरा आणला.

आणि मग फेब्रुवारीत वहिनी भरलेला डबा घेऊन धरमपेठेत माझ्या लॅबवर आली. मी तिला मिठीच मारली. म्हटलं, ऐकलं शेवटी दादाने.

रिपोर्ट आला. नॉर्मल. सगळं बोट ठेवून वाचलं, सगळं नॉर्मल. तू तो कागद माझ्या नाकासमोर फडकवलास. "पाह्य, मंदे. मले काही बिमारी नाही. माणूसच असा आहे मी. आता बोल." आणि मी काय बोलणार? बिमारी नाही म्हणजे मग तूच. कान तू, करंगळी तू, भिंत तू. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलले नाही. राखीला आले नाही. तू दोनदा लॅबच्या खाली स्कूटर लावून उभा राहिलास, मी वरून पाहिलं आणि खिडकीचा पडदा ओढला. हे माझं, दादा. हे मी कोणावर ढकलत नाही.

तुझ्या मरणाचा व्हिडिओ आहे, माहीत आहे? कोणीतरी मोबाईलवर काढला. मी तो पाहिला. एकदा नाही, अनेकदा. भर सकाळी, रेल्वे फाटकाजवळच्या गर्दीत एका माणसाच्या बाईकचं हँडल तुझ्या स्कूटरच्या आरशाला लागतं. तू उतरतोस. त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढतोस. हातात हेल्मेट. एकदा मारतोस, त्याच्या खांद्यावर. दुसऱ्यांदा मारतोस तेव्हा काहीतरी मोडल्याचा आवाज व्हिडिओतही येतो. तिसऱ्यांदा हात वर जातो आणि वरच राहतो. हेल्मेट सुटतं. तू दोन्ही हातांनी डोकं धरून रस्त्यावर बसतोस, तोंड पांढरं. आणि ज्याला तू मारलंस, त्याच माणसाने एका हाताने तुला ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तो घरी आला होता, हात गळ्यात बांधलेला, गळपट्टीचं हाड मोडलंय. मला म्हणाला, "ताई, मी सरांले काहीच नव्हतो बोललो." मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले.

रस्त्यावरचा मामला म्हणून पोस्टमॉर्टेम झालं. मेंदूत रक्तस्राव. आणि डाव्या मूत्रपिंडावर, तू परातीवर टोपी काढायचास त्याच जागी, लिंबाएवढी गाठ.

खरं सांगू? मला आनंद झाला. भाऊ तिकडे चादरीखाली आणि मी भिंतीला टेकून हसत रडत होते. तू नव्हतास! भोंगा होता! दोन दिवस मी तुला सगळं माफ केलं. कान, करंगळी, ताटं, सगळं त्या लिंबाच्या नावावर. ज्याला त्याला सांगत सुटले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं, म्हणजे मारायचा तेही गाठीमुळेच ना? ते भले गृहस्थ. म्हणाले, "धडधड, घाम, डोकेदुखी, जीव जाईल अशी भीती, हे गाठीचं. हात कोणी उचलला, ते मला इथं दिसत नाही."

मग मला तुझंच वाक्य आठवलं. हात ऐकते. आणि आठवलं की तुझ्या प्रिन्सिपलने भर मीटिंगमध्ये तुझा अपमान केला होता, तेव्हाही तू पांढरा पडला होतास, घामाघूम झाला होतास, वहिनीने शर्ट धुतला होता. पण तिथं तू दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलास. प्रिन्सिपलला कधी डस्टर बसला नाही. म्हणजे ऐकत होता ना हात? काहून गा दादा, तो घरीच काहून बहिरा व्हायचा? धडधड तुझी नव्हती, मानते. तिच्यापायी तू किती भ्यायला असशील, तेही मानते. आपल्याला कळलं असतं तर तू वाचला असतास, आणि कदाचित निम्मी ताटंही. पण कान मी परत तुझ्याच नावावर लिहिला. माफ नाही. आठवण येते, ती वेगळी.

आता डबा. डॉक्टर म्हणाले, अशी गाठ घराण्यात चालू शकते, बहिणीची आणि मुलीची तपासणी करा. बाबांचं तोंड डोळ्यासमोर आलं. म्हणून परवा मी ईशासाठी तोच तसला पांढरा डबा घेऊन गेले. आणि एक प्रश्न डोक्यात घोळत होताच: लिंबाएवढी गाठ असताना रिपोर्ट नॉर्मल आलाच कसा? मी लॅबचं रजिस्टर उलटसुलट पाहिलं होतं. आमच्याकडे चूक सापडत नव्हती.

वहिनीने माझ्या हातातला डबा पाहिला आणि ती तशीच खाली बसली.

"त्यांनी हात नाही लावला डब्याले, मंदाताई. बाथरूममध्ये होता, ते पाहून गेले, पाहून आले. म्हटलं, संध्याकाळी रिकामा पाहाल तर तुम्ही भांडाल, मग तुम्ही जाल, अन् मग ते माझ्यावर... मी भरला. चोवीस तास मीच भरला. मले फक्त एक दिवस शांतीनं पायजे होता." आणि मग तिने तो प्रश्न विचारला.

बावीस वर्षं तुझ्या भीतीने जी बाई गॅस बंद करत होती, काच उचलत होती, तिने त्याच भीतीने तुझा आजार झाकला. आणि मी तिचा रिपोर्ट वाचून तुझ्याशी बोलणं तोडलं. मी दोन दिवस यावर डोकं आपटलं. हो म्हणू? नाही म्हणू? डबा तर तिनेच भरला. खोटं बोलायला मला जमत नाही. आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, माझा पेन थांबला.

दादा, डबा वहिनीने भरला. म्हणजे तू भरला नव्हतास.

मग तो कागद माझ्या नाकासमोर फडकवताना, तुला माहीत होतं!

तू एक थेंब घातला नव्हतास त्यात. लघवीचा रिपोर्ट तुझा असूच शकत नाही हे कळायला बायोलॉजी लागते का? तुला वहिनीला विचारायचं होतं, डबा कोणी भरला? मला सांगायचं होतं, मंदे, हे माझं नाही, दुसरा डबा दे. मिठावरून घर डोक्यावर घेणारा माणूस, तू त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीस. घाबरलास का? की वहिनी सापडेल म्हणून तिला वाचवलंस, जन्मात एकदा? मला दुसरं खरं असावंसं वाटतं, पण तुझा तो फडकवणारा हात मला आठवतो. ज्या एका दिवशी तुझा राग आमच्या कामी आला असता, त्या दिवशी तू चिडला नाहीस.

काल इथपर्यंत लिहून उठले आणि गेले. आज सकाळी उरलेलं लिहितेय.

वहिनी टेबलाशी बसली होती, ईशा शेजारी. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "वहिनी, तुम्ही नाही मारलं. दादाले माहीत होतं. त्यानं डबा भरला नव्हता, मग रिपोर्ट कोणाचा आहे ते त्याले पहिल्या दिवसापासून माहीत होतं." तिला समजायला वेळ लागला. मग ओठ हलले, "म्हणजे मी आठ महिने देवापुढे नाक घासून राहिली..."

तिने रॅकवरचा तुझा चहाचा पेला उचलला आणि कॅलेंडरवर मारला. जीव खाऊन मारला. माझे डोळे मिटले, सवयीने. उघडले तेव्हा वहिनी उभी होती, छाती वरखाली होत होती, आणि तिचं तोंड लाल झालं होतं, दादा. लालबुंद. रागाने माणूस असा दिसतो.

ईशा उठली. मला वाटलं, आता पाणी घेऊन धावेल. तिने रॅकवरून तुझा दुसरा पेला काढला आणि आईच्या हातात दिला. "घे. हाही पप्पांचाच आहे."

तुझे सहाच्या सहा पेले फेकले. वहिनीने चार, ईशाने एक, आणि एक मी. माझा नेम चुकला, भांडं खिडकीला लागून खाली गेलं, आणि तिथून मी जी रडायला बसले ती ईशाने माझ्या उजव्या बाजूला येऊन बसेपर्यंत. पोरीने कधी पाहिलं असेल तुला तसं येऊन बसताना, कोण जाणे. मग वहिनीने चहा केला, आणि घरात तुझा पेला उरला नव्हता म्हणून आम्ही तिघी कपातून प्यालो.

ईशाचा डबा आज सकाळी सातला सुरू झाला आहे. तिने स्वतः सुरू केला, बाहेर तिच्या नावाची पट्टी लावून. माझा डबा इथं बाथरूममध्ये आहे. मी आज सुट्टी घेतली आहे.